मामांचं वरचं माप

माझ्या मामांचं शहागंजात धान्याचं दुकान. तराजूचा काटा मधोमध आला की गिऱ्हाइकाला मूठभर वरचं घालायचं, ही त्यांची जन्माची खोड. मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी हर्सूलच्या मळ्यातल्या विहिरीत ते वाकून बघत होते. शिंक आली आणि त्यांची कवळी पाण्यात गेली.

"बिनदाताचा मी व्याह्यांपुढं येणार नाय," मामांनी जाहीर केलं. "साखरपुडा तुमचा तुम्हीच उरका." मामेबहीण रडायला लागली. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या, कारण मी नुकताच स्कुबा डायव्हिंग शिकलो होतो आणि ते घरोघर सांगूनही झालं होतं.

शिकवणाऱ्यांनी सिलिंडर आणि जॅकेट उसनं दिलं. पाण्याखाली जायला कमरेला बांधायचा शिशाचा जड पट्टा मात्र दुसऱ्या कुणीतरी नेलेला. "त्यात काय!" म्हणत मामांनी दुकानातली लोखंडी वजनं आणली.

मी समजावलं, "मामा, श्वास भरला की पाणी डोळ्यांपर्यंत यावं, सोडला की माणूस हळूच खाली जावा. तेवढंच वजन घ्यायचं. मला चार किलो पुरे."

मामांनी कापडी पट्ट्यात चार किलो बांधलं. मग पाच किलोचं आणखी एक घातलं.

"हे कशाला?"

"वरचं."

"मामा, ज्वारी नाय ही, मी आहे!"

"आपल्याकडनं आजवर कुणी काटेकोर माप नेलं नाय. भाच्यालाच कमी देऊ व्हय?"

पट्टा कमरेला बांधून मी विहिरीत उतरलो.

हळूच वगैरे मी गेलोच नाही. थेट तळाला, गुडघ्यापर्यंत गाळात. चाचपडलो तर एक चप्पल लागली, बादलीची कडी लागली, दात काही लागेनात. पाय निघेना तेव्हा माझी पाचावर धारण बसली. पट्टा सोडला आणि धडपडत वर आलो. वजनं कवळीच्या सोबतीला गेली.

काठावरून मामांनी काळजीनं विचारलं, "कमी पडलं का रं?"

दुसऱ्या दिवशी मामा बैठकीत आले, पण तोंडावर उपरणं धरायच्या अटीवर. व्याही काहीही विचारोत, हे नुसती मान हलवायचे. मला बघवत नव्हतं. अंगठी घातल्यावर मामेबहीण पेढा घेऊन त्यांच्यापुढं बसली.

"बाबा, आ करा."

मामांनी मान हलवली.

"मग मी बी खात नाय."

व्याही बघत होते, विहीणबाई बघत होत्या. मामांनी उपरणं खाली घेतलं आणि तोंड उघडलं.