पिंपळ पाणी कुठून पितो

आई गेली त्याला वर्ष होत आलं. भेटायला येणारे तिच्या मायेबद्दल बोलतात. मला मात्र तिच्या हट्टाचा अभिमान वाटतो.

कसबा बावड्याकडच्या आमच्या वस्तीत बुद्धविहाराला लागून एक पिंपळ आहे. दोन हजार सालानंतरच्या एका टंचाईच्या उन्हाळ्यात त्याची कोवळी पालवी करपून गळाली. वंदना झाली की जो तो बुंध्याशी तांब्याभर पाणी घालायचा, तरी झाड उघडंच. वळवाच्या वाऱ्यात ते पत्र्यावर कोसळेल, म्हणून विहाराची देखभाल करणाऱ्या माझ्या चुलत आजोबांनी ते तोडायचं ठरवलं.

आई शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं एका फांदीची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं.

"मामंजी, झाड जिवंत आहे."

"मग पानं का टाकली? आमी पानी घालत न्हाय व्हय?"

"पाणी वर ओढतात ती पानंच. पानातून वाफ उडते, तशी मुळापासून धार वर सरकते. खाली ओल नसताना ओढ चालू राहिली, तर धार तुटते."

"म्हंजे मोटर हवा धरती तसं?"

"तसंच. म्हणून झाडानं पानं टाकून मोटर आधीच बंद केली."

आजोबांनी खरवडलेल्या सालीवरून बोट फिरवलं. "वळीव येईस्तोवर थांबतो. फुडं ऐकायचो न्हाय."

पिणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात, लांब पसरलेली असतात, हे आईनं सगळ्यांना सांगितलं. फांद्यांच्या टोकांखाली, थेट वाटेच्या कडेला, तिनं स्वतः उथळ चर खणला. घरातलं तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी त्यात ओतून वर उसाचं पाचट पसरलं. शेजारीण ओरडली, "बाई, तहान झाडाला लागलीया का वाटंला?" वस्ती हसली. आई रोज बादली नेत राहिली. काही दिवसांनी तीच शेजारीण मागोमाग बादली घेऊन आली, मग इतर घरं.

वळवाच्या आधीच फांद्यांवर तांबूस पालवी फुटली.

त्याच सुमारास विहारात आलेल्या एका पाहुण्यानं आजोबांना विचारलं, झाड इथं आणि पाणी तिकडं का घालता?

"पावणं, आमची सूनबाई मास्तरीण हाय," आजोबा मोठ्यानं म्हणाले. "झाडसुदिक ऐकतंय तिचं. तुमी काय इचारताय!"

आईनं ते ऐकलं. ती पाचट सारखं करत राहिली, पण तिचे कान लाल झाले होते.