साथ गेली तरी तोंड बांधून दिवेआगरला

फ्लूची साथ ओसरली याचं मुंबईत ज्या एका माणसाला वाईट वाटलं, तो मी. हे लिहिताना लाज वाटते, कारण सत्तावन सालच्या त्या साथीत आमच्या चाळीतलीही माणसं गेली. पण प्रवासवर्णन लिहायचं तर खरं लिहावं, नुसती नारळीची झाडं काय कुणीही लिहील.

माझा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला होता. लहानपणी तो शिवला, आणि शिवणाऱ्याला त्या दिवशी घरी जायची घाई असावी. मधल्या भागात मिशी उगवत नाही, त्यामुळे दोन्हीकडचे केस दोन वेगळ्या माणसांकडून उसने आणल्यासारखे दिसतात. साथीत साऱ्या ऑफिसने निलगिरीचे थेंब टाकलेले रुमाल तोंडाला बांधले आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच मी चारचौघांसारखा झालो. लोक माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांत बघायला लागले. अशा ऐन बहरात, जुलैमध्ये, गिरगावात मी मुलगी बघितली.

मुलीचं नाव कुमुद. दिवेआगरची. वडील नाहीत, काकांनी वाढवलेली. मावशीकडे आली आणि पावसाने व साथीने अडकली. बघण्याच्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांची तोंडं बांधलेली होती, तिचंही. दोन्हीकडून पसंती झाली. ओठाचं विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर नाही, असं आईने ठरवलं होतं. रुमालाच्या आत काय आहे असं कोण विचारणार? पावसाळा संपल्यावर कुमुद गावी गेली. काकांच्या परवानगीने मी तिला तीन पत्रं लिहिली आणि तिन्हींत हवापाणी आणि बोटीच्या वेळा कळवल्या.

दिवाळी झाल्यावर काकांचं पत्र आलं. साथ गेली, बोटी सुरू झाल्या, या म्हणजे सुपारी फोडून घेऊ. खाली एक ओळ होती : मुंबईच्या पाहुण्यांनी तोंड बांधूनच गावात यावं असा आमच्या ग्रामपंचायतीचा नियम आहे, तरी राग नसावा. राग कसला? ती ओळ मी तीनदा वाचली आणि ऑफिसात रजेचा अर्ज टाकला.

बरोबर मामा होते. मामांनी साथीतही तोंड बांधलं नव्हतं. ते लसूण खात आणि लोक आपोआप लांब राहत.

आता तुमच्या उपयोगाचं. भाऊच्या धक्क्यावर पहाटेच पोचा, कारण बोटीत जागा मिळवणं हे अंगमेहनतीचं काम आहे. पोट अर्धं रिकामं ठेवा. खिशात आल्याचा तुकडा असू द्या. आणे जाऊन आलेल्या नव्या पैशांचा घोळ अजून मिटलेला नाही, म्हणून सुटे घेऊन जा, नाहीतर तिकीटवाला आणि तुम्ही दोघंही गणित करत बसाल आणि मागची रांग दोघांना शिव्या देईल. धक्क्यावर निम्म्या लोकांची तोंडं बांधलेली होती. बंदराबाहेर पडून बोट हलायला लागली आणि माणसांना उलट्या सुरू झाल्या, तेव्हा भराभर रुमाल सुटले. कुणी त्याने बाक पुसला, कुणी डबा बांधला, एका गृहस्थांनी उन्हासाठी टकलावर घेतला. चार महिने ज्या कापडाने जीव वाचतो म्हणत होते, त्याची किंमत तासाभरात फडक्याएवढी झाली. मी मात्र रुमालाची गाठ आणखी आवळली. त्याचा एक फायदा झाला : आमच्या बाकावर कुणी बसेना. मामा त्या रिकाम्या जागेत पाय पसरून श्रीवर्धनपर्यंत घोरले.

श्रीवर्धनला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. समुद्रातच पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं आणि पडावातून गुडघाभर पाण्यात. धोतर असेल तर आधीच वर खोचा, पायजमा असेल तर देवाचं नाव घ्या. पडावात माझ्यासमोर एक कोळीण बसली होती, मांडीवर रिकामी पाटी. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग मामांना विचारती झाली, "याला मुसकं कशापायी बांधलंय? चावतो काय?"

सारा पडाव हसला. मामांनी तिला सांगितलं की नवरामुलगा आहे, जपतोय. ती म्हणाली, "मंग सोड की रं बाबा. साथ ग्येली कवाच. आता बांधतो त्यो ज्याला हाय त्यो."

ही शेवटची गोष्ट मी तेव्हाच नीट ऐकायला हवी होती. पण मला दिवेआगरच्या नियमाचा भरवसा होता.

एसटीने बोर्ली पंचतनपर्यंत रस्ता धुळीचा आहे, पण वळणावळणाला खाडी दिसते, तेव्हा खिडकी पकडा. मला कंडक्टरने स्वतःहून मागची बाजू दिली, जिथे खाडी दिसत नाही, फक्त धूळ येते. बोर्लीच्या बाजारात उतरून मामांनी भजी खाल्ली. मी चहा घेतला, भिंतीकडे तोंड करून. शेजारी एका मुसलमान चाचांचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी साथीत चार बंदांची तोंडाची फडकी शिवून घेतली होती आणि आता त्यांचा ढीग दारात मांडून ते बायकांना सांगत होते की चक्का टांगायला याच्यासारखी चीज नाही, चारही बंद खुंटीला बांधा. दिवाळीत साऱ्या पंचक्रोशीचं श्रीखंड त्या फडक्यांतून गळलं म्हणे. मी एक घ्यायला गेलो, माझा रुमाल घामाने भिजला होता म्हणून.

चाचा म्हणाले, "अहो, मेहेरबान, दिवेआगरचा हुकूम तर सोमवारी उठला. दवंडी झाली. आता कोण बांधतो?"

मामा म्हणाले, सोड आता, एकदाचं होऊन जाऊ दे. मी म्हणालो, नियम उठला म्हणजे बांधायला बंदी झाली असं नव्हे. वकिली करावी तर अशा वेळी.

बोर्लीहून दिवेआगर बैलगाडीने. या रस्त्याचं मी काय वर्णन करू, मी तो पाहिलाच नाही. दोन्ही बाजूंना पोफळीच्या वाड्या होत्या, पाटाचं पाणी वाहत होतं, सावली इतकी थंड की मामांनी मफलर गुंडाळला, असं मामा सांगतात. मला एवढंच आठवतं की दारादारांतून लोक बघत होते आणि आमची गाडी पुढे गेली की आत जात होते.

काका फाटकाशी तांब्या घेऊन उभे होते. मला बघून त्यांचा हात थबकला. प्रकृती कशी आहे, असं त्यांनी विचारलं. उत्तम, मी म्हणालो. मग तांब्या त्यांनी माझ्या हातात न देता जोत्यावर ठेवला. मामांना ओटीवर सतरंजी मिळाली, मला पडवीच्या टोकाला एक पाट. थोड्या वेळाने गावातले वैद्य आले. त्यांनी माझी नाडी धरली. ती भीतीने अशी उडत होती की वैद्यांनी डोळे मिटून घेतले आणि उठून काकांच्या कानाला लागले.

आतबाहेर सुरू झालं. पंगतीची पानं मांडली होती, ती कुणी उचलायला लागलं. काका मामांपाशी येऊन अतिशय सभ्यपणे म्हणाले की घाई काय आहे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे काय हे मला कळत होतं. मी पाटावर बसून होतो आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. तापाचा माणूस म्हणून परत जाईन, ओठाचा म्हणून नव्हे. मनात असा हिशेब चालू असताना दाराआडून काकूंचा आवाज आला. त्या कुणाला तरी सांगत होत्या, "माझा भाऊ श्रावणात याच पडवीत गेला. असंच बांधलेलं होतं तोंड. काही नाही, काही नाही म्हणत होता."

मला स्वतःचा इतका राग आला की मी उभाच राहिलो. ज्या घराने माणूस गमावला, त्या घरात मी त्याच आजाराचं सोंग लावून बसलो होतो, कशासाठी, तर अर्धा इंच मिशीसाठी. मी ओटीवर गेलो. गाठ घामाने इतकी घट्ट बसली होती की सुटेना, शेवटी मामांनी दातांनी सोडवली, लसणाच्या वासासकट. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो की मला ताप नाही, कधीच नव्हता. हे लपवत होतो.

मग काकू दाराआडून बाहेर आल्या, सरळ माझ्यापाशी, आणि माझ्या कपाळाला हात लावला. मग मानेला. मग पुन्हा कपाळाला. ओठाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नसेल. "गार आहे हो," त्या काकांना म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. पानं परत मांडली गेली. वैद्यांनी नाडीबद्दल काहीतरी सारवासारव केली आणि पंगतीत पहिल्या पानावर जाऊन बसले. सुपारी फुटली. श्रीखंड उत्तम होतं, कशातून गाळलं ते मी विचारलं नाही.

जेवणानंतर काकूंनीच मला हात धुवायला मागच्या विहिरीवर पाठवलं. कुमुद तिथे रहाटाशी होती. तिचं तोंड मीही तेव्हाच पहिल्यांदा बघत होतो आणि हनुवटीवरचा तीळ बघून मी हात धुवायचे विसरलो. तीच बोलली.

"मला जुलैतच दिसलं होतं. तुम्ही वर खुर्चीवर, मी खाली पाटावर. चहा प्यायला तुम्ही रुमालाची कड उचललीत."

मी म्हणालो, पण तुमची मान तर खाली होती.

"मान खाली होती. डोळे नव्हते."

मला हसू आलं. तिला आलं नाही. ती म्हणाली की ते बघूनच तिने मावशीला हो सांगितलं होतं, कारण जो माणूस एवढं लपवतो तो दुसऱ्याच्या व्यंगाला हसणार नाही असं तिला वाटलं. मग तिने माझ्या पत्रांची वाट बघितली. "तीन पत्रं आली. तिन्हींत बोटीच्या वेळा. आज तरी सांगाल म्हटलं, तर तोंड बांधून आलात आणि काकूला रडवलंत. काकांनी सुपारी फोडली ती फोडली. मी अजून काही म्हटलेलं नाही."

मी विचारलं, काय करू? तिने बादली उचलली. "लिहा मला. पाकिटात नको. कार्डावर."

दिवेआगरला कार्ड पाठवणं म्हणजे काय, हे तिथे जाणाऱ्यांना माहीत असलेलं बरं. ते बोर्लीच्या पोस्टात वाचलं जातं, वाटेत पोस्टमन वाचतो, पारावर ज्याला चष्मा आहे तो वाचतो, आणि मग ज्याचं त्याला मिळतं.

परतीच्या बोटीत मी उघड्या तोंडाने बसलो. तोंडावर खारा वारा लागत होता, ओठ फुटला, शिवलेलाही आणि न शिवलेलाही. शेजारी कुणीतरी येऊन बसलं आणि माझ्या खांद्यावर झोपलं. खंत नव्हती, पण धाकधूक होती. बोटीतल्या कुणीही माझ्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही, आणि याचा मला किंचित अपमानही वाटला.

घरी आल्यावर चार कार्डं फाडली. पाचव्यावर लिहिलं की माझा वरचा ओठ शिवलेला आहे, लहानपणी मुलं चिडवत, मी फोटोत नेहमी मागच्या रांगेत हात तोंडावर ठेवून उभा असतो, साथीत मी सुखी होतो आणि त्याची मला लाज वाटते, आणि तुम्ही नाही म्हणालात तर ते ओठामुळे नसेल हे मला कळेल. जागा संपली म्हणून सही कडेला उभी केली. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकताना हात आत अडकवून थोडा वेळ उभा राहिलो, मागे एक बाई थांबली होती म्हणून सोडलं.

या सफरीतून माझ्याकडे काय उरलं, असं विचाराल तर समुद्र नाही, वाड्या नाहीत. कपाळावर ठेवलेला तो हात उरला. तापाच्या भीतीने माणसं ज्याच्यापासून लांब सरकली, त्याला शिवायला काकू आल्या होत्या, आणि मी त्यांच्यापासून खरं लपवलं होतं.

नवव्या दिवशी ऑफिसातून आलो तर चाळीच्या दाराशी पानवाला मला बघून उगाच हसला. पहिल्या जिन्यावर जोशीकाकूंनी गालावरून हात फिरवला. दुसऱ्या जिन्यावर दोघांनी हात मिळवले. वर आई दारातच उभी होती, हातात कार्ड. कुमुदनेही कार्डावरच लिहिलं होतं. पत्त्याच्या मागची सगळी बाजू कोरी होती आणि मधोमध एकच अक्षर होतं, हो, आणि चाळीत ते वाचायचा राहिलेला मी एकटाच होतो.