कापलेलं ठेवायचं की उरलेलं?

फरजाना शहाद्याला भावाच्या दुकानात काच कापते. आठवीत शाळा सोडली, त्यानंतर कुठल्याच शाळेची पायरी चढली नव्हती. पण चौथीतल्या भाचीनं, अलिशानं, वर्गात सांगून टाकलं, "मन्ही फूफी रंगीत काचांच्या खिडक्या बनाडस." खरं तर फरजानानं जन्मात साधी पांढरी काचच कापलेली. वर्गाच्या हेमांगी बाईंचं बोलावणं आलं, पोरांना शिकवायला या. नाही म्हटलं तर पोर खोटी पडते. गेली.

लेकरांच्या हातात खरी काच कोण देणार? बाईंनी मोबाइलवर दाखवलं. काळ्या कार्डशीटवर चित्र काढायचं, आतले भाग कापून भोकं पाडायची, मागून पतंगाचा रंगीत कागद चिकटवायचा. उजेडाला धरला की झाली रंगीत काच. बाई तेवढ्यात ऑफिसात गेल्या.

फरजाना वर्गात फिरत राहिली, बसवेना तिला. तोंडातून दुकानातलंच निघालं, "कापलेलं नीट ठेवा, उरलेलं फेका. पायात यायला नको."

अर्ध्या तासानं गोपाल काळा पोपट घेऊन आला. नुसता पोपट. दामिनीकडे काळी पानं. बाकी सगळं कचऱ्याच्या टोपलीत.

"रंगीत कागद कुठे चिकटाडू?" गोपालनं विचारलं.

फरजाना पोपट उलटा करून बघते, सुलटा करून बघते. भोकच नाही तर उजेड येणार कुठून? चुकलं कुठं, तेच कळेना.

"खिडकी कुठंय रे?"

"तुम्हीच तं सांगं, उरेल फेका."

मागून कुणीतरी म्हणालं, "अलिशा, तुन्ही फूफीले काहीच येत नही."

अलिशानं मान खाली घातली. फरजानाला ते बघवलं नाही.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "दुकानात कापलेला तुकडा कामाचा असतो. इथं भोक कामाचं. अलिशाचं काही चुकलं नाही."

तिनं टोपली फरशीवर पालथी केली. पोरं गुडघ्यांवर बसून आपापलं भोक शोधायला लागली. छगन म्हणाला हे माझं, दामिनी म्हणाली माझं. शेवटी ज्याला जे मिळालं त्यावर कागद चिकटवला. गोपालचा पोपट लाल झाला. खिडकीला लावल्यावर फरशीवर लाल-निळे डाग पडले.

अलिशा शेजारणीला म्हणाली, "दुकानमा फूफी कधीच चुकस नही."

आता हे कौतुक की टोमणा, फरजाना विचारच करत राहिली.