हरलेल्याने फोन करायचा

मॉसी हार्टिगन जन्मभर कॉर्कच्या नावाने बोटं मोडत आला, आणि त्याचा जिवाभावाचा म्हणावा असा एकच मित्र होता, तो कॉर्कचाच. आम्हा लिमरिकवाल्यांना यात काही वावगं वाटत नाही. शिव्या द्यायच्या तर समोर कॉर्कवाला हवा, भिंतीला देऊन काय उपयोग?

मॉसी लिमरिकच्या गाडीवर गार्ड होता, डोनी लूसी कॉर्कच्या. दोघांच्या गाड्या जंक्शनला भेटायच्या. नावाला लिमरिक जंक्शन, पण आहे टिपररीत. पहिल्याच दिवशी डोनीने विचारलं, "काय रे, गावात जागा नव्हती म्हणून स्टेशन शेजाऱ्याच्या परसात बांधलंत का?"

"तुमच्या शँडनच्या मनोऱ्याला चार घड्याळं आणि चारही वेगवेगळी वेळ सांगतात," मॉसी म्हणाला. "तू गाडी कुठल्या घड्याळावर सोडतोस ते सांग आधी."

झालं, तिथेच जमलं. निवृत्त झाल्यावर दोघांना फुकट पास मिळाला, तेव्हापासून महिन्यातल्या एका गुरुवारी दोघं जंक्शनच्या चहाच्या खोलीत भेटायचे. मॉसी 'पॅकेट' घेऊन यायचा, डोनी 'ड्रिशीन'. दोन्ही म्हणजे रक्त भरून शिजवलेली आतडीच, दोन्ही गावांत ती वजडीबरोबर दुधात कांदा घालून खातात. पण हे त्या दोघांपुढे बोलायची सोय नव्हती. "हे आमचं कुत्रंसुद्धा हुंगणार नाही," असं म्हणत दोघं एकमेकांची पुडी घरी न्यायचे आणि चाटूनपुसून खायचे.

डोनी म्हणायचा, "तुमच्या गावाची शान काय, तर एक दगड. त्यावर तहाच्या सह्या झाल्या, तर तो तहही मोडला." मॉसी म्हणायचा, "आणि तुमची ती ली नदी आमच्या शॅननमध्ये ओतली तर मासेसुद्धा मान वर करून बघायचे नाहीत." हे असं वर्षानुवर्षं. त्याच त्या कोपरखळ्या, आणि हसू मात्र दर वेळी ताजं.

पण एका गोष्टीत थट्टा चालायची नाही. हर्लिंगचा, म्हणजे आमच्या काठी-चेंडूच्या खेळाचा, सामना लिमरिक आणि कॉर्कमध्ये झाला, की ज्याचं गाव हरेल त्याने त्याच संध्याकाळी फोन करायचा आणि म्हणायचं, "तुमची पोरं भारी खेळली." मग जिंकलेला हवं तेवढं तोंडसुख घेणार. जिंकलेल्याने आपणहून फोन करणं म्हणजे जखमेवर मीठ, ते दोघांनीही कधी केलं नाही. एका वर्षी मॉसीने हा फोन दवाखान्यातून केला, आत बायकोचं, इताचं, ऑपरेशन चालू असताना. इताने त्यावरून त्याला वर्षभर ऐकवलं. डोनीने तर आईला पुरून आला त्या संध्याकाळीही केला होता.

त्या जूनमधल्या रविवारी लिमरिक जिंकलं. किती वर्षांनी, विचारू नका. मॉसीने चहा ओतून घेतला, फोनशेजारी खुर्ची ओढली आणि टोमणे जुळवत बसला. चहा निवला. फोन वाजला नाही.

"तू कर की," इता म्हणाली.

"मी का करू? मी जिंकलोय."

"आजारी असेल."

"डोनी? त्याला काय धाड भरलीय? फुगून बसलाय नुसता. हरायची सवय राहिली नाही ना त्यांना."

सोमवार गेला, मंगळवार गेला. मॉसी येताजाता फोनकडे बघायचा आणि चिडायचा. तो दुखावला होता, खरं सांगायचं तर. इतक्या वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही आणि ह्याने एका पराभवापायी रीत मोडावी? बुधवारी इताने स्वतःच फोन उचलला, तर त्याने तो तिच्या हातातून काढून जागच्या जागी ठेवला. म्हणाला, "गुरुवारी भेटेल ना पुढच्या, तेव्हा सोलतो त्याला."

आता आमच्याकडे सकाळच्या न्याहारीला रेडिओवर मयतांची नावं सांगतात. कोण गेलं, चर्चमध्ये कधी, पुरणार कुठे. तेवढा वेळ घरात कुणी चमचाही वाजवत नाही. लग्नाला गेला नाहीत तर लोक विसरतात. दफनाला गेला नाहीत तर तुमच्या नातवंडांना ऐकावं लागतं. मॉसीने एकही सकाळ चुकवली नव्हती. पण ऐकायचा तो लिमरिकचा रेडिओ. कॉर्कचा त्याच्या घरात लावायची बंदीच होती.

ठरल्या गुरुवारी तो पॅकेट घेऊन जंक्शनला उतरला. कॉर्कची गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. डोनी नाही. रागारागाने तो चहाच्या खोलीत शिरला, तर तिथली ब्रीडाबाई गल्ल्यामागून उठून बाहेर आली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"फार वाईट झालं, मॉसी."

हे शब्द आमच्याकडे एकाच वेळी म्हणतात. मॉसीला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

"शनिवारी पुरलं ना? केवढी गर्दी होती म्हणे," ब्रीडाबाई म्हणाली. "तू तर पुढेच असशील, खांद्याला."

"हो," मॉसी म्हणाला. नाही म्हणायला त्याची जीभच उचलेना.

पुढच्या गाडीने तो कॉर्कला गेला. शँडनखालचा तो चढ, दर वेळी ज्याला शिव्या घालत चढायचा, तो आज गुमान चढला. दार डोनीच्या बहिणीने, नुआलाने उघडलं. बिनलग्नाची दोघं भावंडं एकत्र राहायची. ती दारातून बाजूला झाली, पण ये म्हणाली नाही.

"शवपेटी ह्या दारात थांबवून ठेवली होती आम्ही," ती म्हणाली. "पुढची डावी बाजू तुझी होती. डोनीनेच कधीपासून सांगून ठेवलेलं. शेवटी शेजाऱ्याने खांदा दिला."

"मला कळलंच नाही गं, नुआला."

"कळलं नाही? रेडिओवर तीन दिवस सांगत होते. सगळ्यांना कळलं."

"तो कॉर्कचा रेडिओ. लिमरिकमध्ये कोण लावतं?"

कॉर्कचा रेडिओ अख्खा देश ऐकत नाही, हे नुआलाला खरोखरच आज कळत होतं. एरवी ह्या एका गोष्टीवर मॉसी आणि डोनी महिनाभर हसले असते.

"पण तू फोन का नाही केलास?" मॉसीने विचारलं.

नुआला खुर्चीवर बसली. तिचा आवाज मऊ झाला, आणि ते जास्तच वाईट होतं.

"करू दिला असता तर ना. रविवारी सामना चालू असतानाच त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टर येऊन गेले. दवाखान्यात हलवू म्हणाले, हा ऐकतोय कसला. मी म्हटलं, मॉसीला कळवते. तर म्हणे, कळवायचं काय त्यात? आपण हरलो आणि मी फोन केला नाही, एवढं त्याला पुरे. आई गेली तेव्हासुद्धा मी चुकलो नव्हतो. तो ओळखेल काहीतरी बिघडलंय म्हणून. बघ तू, आता वाजेल. फोन उशाशी आणून ठेवायला लावला मला."

मॉसी उभाच होता.

"सोमवारी म्हणाला, इताने कामाला लावलं असेल त्याला. मंगळवारी काही म्हणाला नाही. मला फोनला हातही लावू देईना, मध्येच तुझा आला तर लाइन लागायची नाही म्हणून. बुधवारी दुपारी गेला." नुआलाने डोळे पुसले. "गेल्यावर माझी मी कळवायला हवं होतं. पण मला राग आला होता रे तुझा."

मॉसीने तिची माफी मागितली की नाही, त्याचं त्यालाही आठवत नाही. घरी पोचला तेव्हा इता दारातच होती. त्याचा चेहरा न बघताच तिने विचारलं, "काय, उतरला का रुसवा तुझ्या डोनीचा?"

मॉसी टोपी न काढता जिन्याच्या पायरीवर बसला.

"तो रुसला नव्हता, इता. मी फोन करीन म्हणून वाट बघत होता. रविवार, सोमवार, मंगळवार जिवंत होता तो." मग टोपी काढत म्हणाला, "आणि मी जिंकलो म्हणून गप्प बसलो होतो."