सडाफटिंग शेजारी आणि सोसायटीची पूजा

वॉचमनपासून चेअरमनपर्यंत समस्त सोसायटीकरांनी हातातलं काम ठेवून ऐकावं! लग्न न झालेल्या माणसाला काय म्हणायचं, याचा अखेरचा निकाल देणारा अख्ख्या नवी मुंबईत एकच इसम आहे आणि तो नेरूळला माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो.

वय बावन्न, स्वतः बिनलग्नाचे, नोकरी बेलापूरच्या सरकारी कचेरीत. त्यामुळे शब्दांनाही त्यांनी हुद्दे लावून दिलेत. पंचविशीपर्यंत 'सिंगल', तिशीपर्यंत 'स्थळं बघतोय', पस्तिशीला 'घोडनवरा', चाळिशीनंतर 'सडाफटिंग' आणि पन्नाशी ओलांडली की 'सुटलात!' हा शेवटचा हुद्दा फक्त लग्न झालेले पुरुष देतात, तेही बायको आत गेल्यावर. त्यांची खारघरची भाची म्हणाली, "मामा, आता सोलो म्हणतात." आमचे शेजारी गंभीरपणे म्हणाले, "कायम की हंगामी?" लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब' दिसलं की छत्री घेऊन जायचे, शेजारच्या खुर्चीत ती नीट टेकवायचे आणि आइस्क्रीम दोन मागायचे.

या छत्रीवर मी इतक्या ठिकाणी हशे वसूल केलेत की आता सांगायची लाज वाटते. पण खरी लाज पुढेच आहे.

आमच्या सोसायटीत दरवर्षी सत्यनारायण असतो. केळीचे खांब आणायचे, चौरंग धुवायचा, शिऱ्याला रवा भाजायचा, सगळं हेच करतात. फार वर्षांपूर्वी, सोसायटीत नवे असताना, त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "एखाद्या वर्षी मी बसू का हो पूजेला? आईची फार इच्छा होती." माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं. म्हटलं, "छे! जोडपं लागतं. सडाफटिंगाला चालत नाही." ते हसले. मला वाटलं, विनोद पोचला.

यंदा पूजेला बसणारं जोडपं ऐनवेळी तापाने झोपलं. गुरुजींना लगेच दुसरीकडे पूजा होती. त्यांनी रव्याने माखलेल्या आमच्या शेजाऱ्यांकडे बोट दाखवलं. "तुम्ही बसा."

"मी नाही चालत, गुरुजी. मी सडाफटिंग!"

मंडप हसला. माईक माझ्याच हातात होता, त्यामुळे सगळ्यात मोठं हसू माझं ऐकू आलं.

"एकट्याने बसता येतं की," गुरुजी वैतागले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

हसू थांबलं. शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, फक्त क्षणभर. सगळ्यांसमोर माझं नाव घ्यायची याहून चांगली संधी त्यांना मिळणार नव्हती. ते म्हणाले, "माझाच गैरसमज असेल," आणि हात धुवायला गेले.

इतकी वर्षं माझ्या एका फालतू वाक्याला त्यांनी शास्त्र मानलं होतं. मला खांबाआड लपावंसं वाटत होतं, पण खांब केळीचा होता आणि मी पंच्याऐंशी किलोचा.

ते सोवळं नेसून आले, पाटावर बसले. मी खाली वाकून माईक गुरुजींपुढे धरला. नाव झालं, गोत्र झालं, आणि गुरुजी भरधाव सुटले. शेजाऱ्यांच्या पळीतलं पाणी घाईघाईत ताम्हनाबाहेर सांडत होतं. अचानक त्यांनी मान वर केली आणि माईकमधून साऱ्या सोसायटीला ऐकू गेलं:

"गुरुजी, जरा सावकाश हो, मी पहिल्यांदाच बसलोय!"