वाईट बातमीची भाषा

टिळकवाडीतल्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. फ्रेजल व्हर्ब म्हटलं की मुलं अंग चोरून बसतात. 'पुल' म्हणजे ओढणे, 'थ्रू' म्हणजे आरपार, एवढं त्यांना येतं. पण 'पुल थ्रू' म्हणजे जिवावरच्या दुखण्यातून तगून उठणे, हे कुठून कळणार? दरवर्षी मी फळ्यावर तेच उदाहरण लिहायची. आजोबा फार आजारी होते, पण 'ही पुल्ड थ्रू'. माझ्या फळ्यावर कधी कुणी मेलं नाही.

गेल्या वर्षी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. जन्मात दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाचं लिव्हर निकामी झालं होतं. डोकं मात्र शाबूत. हिंडलग्याकडचं, सीमाभागातलं आमचं शेतकरी घर. घरात मराठी, कचेरीत आणि बाजारात कानडी, टीव्हीपुढं हिंदी. आप्पांना तिन्ही येत, आईलाही. त्यामुळे त्यांच्यापासून काही लपवायचं तर आम्हा भावंडांकडे इंग्रजीच उरायची. आत्याचा कॅन्सर, चुलतभावाचं मोडलेलं लग्न, सगळं आम्ही त्यांच्या तोंडावर इंग्रजीत बोललो आणि स्वतःला हुशार समजलो. पोटाला चिमटा काढून त्यांनी आम्हाला शिकवलं, ते जणू यासाठीच.

डॉक्टर गोड कानडी बोलायचे. रोज पलंगाशी उभे राहून आप्पांना "ऊटा आयता?" असं जेवणाचं विचारायचे. त्या दुपारी त्यांनी रिपोर्ट पाहिले, माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "आय डोंट थिंक ही विल पुल थ्रू." मग आप्पांचा खांदा थोपटून निघून गेले.

अर्थ लावायला मला क्षणही लागला नाही. नकार घालून ते वाक्य मी कधी शिकवलंच नव्हतं.

"काय म्हटला गं?" आप्पांनी विचारलं.

"औषध बदलतो म्हणाले."

ते माझ्याकडे बघत राहिले. "पोरी, चांगलं असतं तर कानडीत सांगितलं असतं की त्येनं. चांगलं कोन इंग्रजीत सांगतंय?"

मला रडू आवरेना. इतकी वर्षं आम्ही काय लपवत होतो आणि कुणापासून?

"रडू नको. मला घरला ने. हितं नळ्यांत मरायचं न्हाय मला. आपल्या भाएरच्या सोप्यात न्हेऊन टाक."

"आणि आईला काय सांगू?"

"तिला एवढ्यात कळू दिऊ नको. लईच इचारलं तर इंग्रजीत सांग." ते हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

डोळे पुसून मी बाहेर आले. आई दाराजवळच्या बाकावर बसली होती. आप्पांचं धोतर, टॉवेल, थर्मास, सगळं पिशवीत भरून तिनं मांडीवर घट्ट धरलं होतं. घरी न्यायचं काय कारण सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

"गाडी सांगितलीस?" तिनं विचारलं. "दार उघडंच हुतं. डॉक्टर इंग्रजीत बोलला, ऐकलं मी."

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"मला कळलंय, ते त्येस्नी सांगू नको," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन उठली.