झिंग्याचा कॅटलॉग

झिंगा इंग्रजीत बोलायला लागला तेव्हा मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. इतकी वर्षं मी त्याला मुका समजत होते. त्याने, म्हणजे तिने, कारण ती झिंग्याचा पोशाख घातलेली मुलगी होती, मिशा हलवल्या आणि विचारलं, ‘तू मला लिंबाशिवाय स्वीकारशील का?’ या अल्ला! हे असलं बोलत होते का हे लोक?

हा एक जुना जपानी गेम. गेम तरी कसला, चित्रांची गोष्टच. पडद्यावर एक मुलगी उभी राहते, ती काय बोलते ते खाली चौकटीत उमटतं, आपण एन्टर दाबत जायचं. मध्येच दोन ओळी येतात, त्यातली एक निवडायची की गोष्ट त्या वाटेने पुढे जाते. कुणा हौशी लोकांनी त्याचं इंग्रजी करून इंटरनेटवर टाकलं होतं. मी चंद्रपूरच्या ज्या शाळेत शिकवते तिथल्या कॉम्प्युटरच्या सरांनी ते मला शोधून दिलं. देताना त्यांनी माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. पाहू देत. मला या गेमचा शेवट बघायचा होता. लहानपणी तो मला कधी बघूच दिला नव्हता.

आमचं घर वडशाचं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्टीत, गावोगाव नाटकं सुरू होतात ती पार उन्हाळ्यापर्यंत चालतात, आणि नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशाला. अब्बांची ड्रेपरी होती, म्हणजे नाटकांचे पोशाख शिवून भाड्याने देण्याचं दुकान. राजाचा अंगरखा, पोलिसाची वर्दी, म्हातारीचं लुगडं, काय हवं ते आमच्या खुंटीला. गिऱ्हाइकाला दाखवायला फोटोंचा अल्बम असायचा. रंगवलेल्या पडद्यापुढे एक माणूस पोशाख घालून ताठ उभा, एकदा समोरून, एकदा बाजूने.

शेजारी फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओवाल्या भाऊंनी लग्नाच्या कॅसेटी जुळवायला नागपूरहून जुना कॉम्प्युटर आणला. त्याच्यासोबत खोकंभर सीड्या आल्या, त्यात ही एक. भाऊंनी ती लावली आणि अब्बांना हाक मारली. पडद्यावर बघतो तो काय, रंगवलेला बगीचा, आणि त्याच्यापुढे डोक्यापासून पायापर्यंत झिंगा झालेली मुलगी ताठ उभी. एन्टर दाबलं की रंगवलेला रस्ता, आणि किटली झालेली मुलगी. मग कोबी. मग रस्त्यावरचा सिग्नल, तीन दिव्यांसकट. अब्बांनी चष्मा वर केला, खाली केला.

‘हा तं जपानी ड्रेपरीचा कॅटलॉग हाये!’ अब्बा म्हणाले.

आमच्या धंद्यातल्या माणसाला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. खालच्या चौकटीत काही अक्षरं, काही नुसती प्रश्नचिन्हं यायची. ती अब्बांच्या मते भाव आणि मापं होती.

त्या वर्षी आपा, माझी थोरली बहीण, बारावीला होती. आणि तिचं लग्न ठरलेलं होतं. सिरोंच्याचं घर, चांगली माणसं, अब्बा शब्द देऊन बसलेले. पावसाळा संपून रस्ते मोकळे झाले की निकाह. त्या घरात सुनेने परीक्षाबिरीक्षा द्यायचा प्रश्नच नव्हता. आपाला बारावी द्यायची होती आणि पुढे मास्तरीण व्हायचं होतं. ती एकदाच अम्मीला म्हणाली, अम्मीने अब्बांकडे पाहिलं, अब्बांनी मशीनवरची मान वर केली नाही. झालं, विषय संपला. आपा रडली नाही. मला उलट तीच गोष्ट भयंकर वाटली.

अब्बांनी कॅटलॉगमधले पोशाख कागदावर उतरवायचं काम आपाला दिलं, कारण चित्र काढणारा हात घरात तिचाच होता. स्टुडिओची किल्ली आमच्याच दुकानात टांगलेली असायची. दुपारी भाऊ शूटिंगला गेले की आपा तिथे बसायची. मी शाळेतून येऊन बघावं तर पडद्यावर झिंगा उभा, आणि आपाच्या मांडीवर अर्थशास्त्र. मी म्हणायची, पुढे ने ना. मग ती थोडं पुढे न्यायची. एक जागा यायची, समुद्राकाठी झिंगा डोळे मिटून उभा, खाली दोन ओळी. तिथे आपा दर वेळी खालचा बाण दाबायची आणि दुसरी ओळ निवडायची. लगेच पुन्हा रंगवलेला बगीचा.

‘शेवटी काय होते वं?’ मी विचारायची.

‘याले शेवट नाई. कॅटलॉगले कधी शेवट असते का?’

पहिला झिंगा अब्बांनी नारंगी साटीनचा शिवला. तो एका विनोदी नटाने गणपतीतल्या एका प्रयोगात घातला, आणि म्हणे शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतला. मग काय, एका कंपनीकडे झिंगा म्हणून दुसरीला किटली पाहिजे, तिसरीला कोबी. आपा नवे नवे पोशाख उतरवून देत राहिली. छत्री निघाली, घुबड निघालं, दिवाळीतला आकाशकंदील निघाला.

रस्ते सुरू झाले तसे सिरोंच्याहून मुलाचे मामा तारीख धरायला आले. दुकानात पाय ठेवला आणि समोर टांगलेला माणसाएवढा झिंगा बघून ते जागच्या जागी थबकले.

‘हे काय हो?’

‘माल हाये,’ अब्बा म्हणाले. मग आपाला हाक मारून विचारलं, ‘बेटा, संपला का कॅटलॉग?’

‘नाई अब्बा. अजून लय बाकी हाये.’

अब्बांनी मामांना हात जोडले. ऐन सीझन तोंडावर, हे काम दुसऱ्या कुणाला येत नाही, सीझन होऊ द्या. मामा झिंग्याकडे पाहत म्हणाले, ‘आमच्या तिकडे झिंगे खातेत, आंगात नाई घालत.’ चहा मात्र त्यांनी दोनदा घेतला.

ते पुन्हा आले, पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. मी कंटाळून गेले होते त्या कॅटलॉगला. शेवटी सिरोंचावाल्यांनी निरोप धाडला की आम्ही दुसरीकडे बघतो. अम्मीने दोन दिवस सगळ्यांची ताटं आपटूनच वाढली. आपाने मार्चात बारावी दिली, पास झाली, मग डी.एड. केलं, आणि आरमोरीजवळच्या शाळेत लागली.

तिचं लग्न पुढे तिच्याच शाळेतल्या मास्तरांशी झालं. शरारा अर्थातच अब्बांनी शिवला, कुणाला बघू न देता. आणि तो पाहून बायकांनी तोंडात बोटं घातली. लालभडक रेशमाला नारंगी पायपिंग! मागे कमरेपासून खाली एकावर एक चढवलेल्या दुमडी, टोकाला पसरलेल्या. अख्ख्या तालुक्याला कपडे घालणाऱ्या माणसाने पोटच्या पोरीला हे घालावं? मला तर शरमच वाटली. शरारा उघडून पाहिला आणि आपा ओक्साबोक्शी रडायला लागली. फुफीने, म्हणजे अब्बांच्या बहिणीने, मला कोपरखळी मारली, ‘पाय, तिले बी नाई आवडला.’

तर, गेल्या रविवारी मी तो गेम लावला.

पहिला धक्का लिंबाचा, तो सांगितलाच. कोबी तर आपल्या पानांविषयी इतकं बोलते की मला तिला थांबवावंसं वाटलं. किटलीला राग आला की वाफ येते आणि मग ती माफी मागते. हे सगळं आम्ही भाव आणि मापं समजत होतो!

दुसरा धक्का असा की छत्री आलीच नाही. घुबड नाही, आकाशकंदील नाही. मी मागे गेले, पुन्हा पाहिलं. मुली चारच. बाकीचे पोशाख आपाने मनाने काढले होते, आणि अब्बांनी ते जपानी समजून शिवले होते, आणि धानोऱ्यापासून ब्रह्मपुरीपर्यंत लोकांनी त्यांना टाळ्या दिल्या होत्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग ती समुद्राकाठची जागा आली. या वेळी दोन ओळी मला वाचता येत होत्या. पहिली, ‘चल, माझ्याबरोबर ये.’ दुसरी, ‘आज नको, उद्या बघू.’ दुसरी निवडली की गोष्ट पुन्हा पहिल्या दिवसावर. म्हणजे आपा मुद्दाम खालचा बाण दाबत होती. पहिली ओळ आपोआप निवडलेलीच असते. नुसतं एन्टर दाबत राहिलं तर दुपारच्या चहाआधी गेम संपतो.

मी एन्टर दाबलं.

पडदा पांढरा झाला. झिंगा हळूच डोक्यावरचं टोपरं काढतो, मिशा काढतो, आणि पुढच्या चित्रात ती मुलगी नवरी होऊन पाठमोरी उभी असते. झगा पांढरा. त्याला नारंगी पायपिंग. मागे कमरेपासून खाली एकावर एक चढवलेल्या दुमडी, टोकाला झिंग्याच्या शेपटीसारख्या पसरलेल्या.

मी ओरडले. शेजारच्या बाई हातात लाटणं घेऊन दारात आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. त्यांना कसंबसं परत पाठवलं. मग मी आपाला फोन लावला.

‘तो गेम पहिल्याच दिवशी संपला होता ना?’

‘हो,’ आपा म्हणाली. एवढ्या वर्षांची लबाडी, आणि बाई म्हणते, हो.

‘आणि ते शेवटचं चित्र? ते तू अब्बांना काढून दिलंस?’

‘वेडी का? ते दाखवलं असतं तं कॅटलॉग संपला नसता का?’

‘मग अब्बांना तो शरारा कसा...’

तिच्याकडे कुकरची शिटी झाली ती मला ऐकू आली. किल्ली आमच्याच दुकानात टांगलेली असायची. आणि एन्टर तर कुणालाही दाबता येतं.

‘मलेही तोपर्यंत माहीत नव्हतं,’ ती म्हणाली. ‘मले वाटे, मीच त्याइले फसवून राह्यली. शरारा हातात घेतला तेव्हा समजलं, त्याइनं शेवट पाह्यला होता. मामा यायच्या आधीच पाह्यला असन.’

म्हणजे अब्बा मामांसमोर तो प्रश्न विचारत होते तेव्हा उत्तर त्यांना ठाऊक होतं. दिलेला शब्द त्यांना स्वतः मोडता येत नव्हता.

‘शरारा देताना काही म्हणाले का?’ मी विचारलं.

‘माप बराबर हाये का, तेवढंच विचारलं,’ आपा म्हणाली. ‘आणि म्हणाले, बेटा, आता संपला कॅटलॉग.’